गाडीतील स्टिरिओच्या विजेच्या बिघाडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न : बडोद्यातील वाहनधारकांसाठी

ही माहिती १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी मोटारींसाठी आहे. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीतील नारिंगी रंगाच्या जाड केबलना कोणत्याही कारणाने हात लावू नये. तेथील विद्युतदाब जिवावर बेतणारा असतो. उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात येईल, ती अशी की स्टिरिओ बंद पडला म्हणजे सेटच खराब झाला असे क्वचितच घडते. दोष बहुधा फ्यूजमध्ये, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये), अर्थिंगमध्ये किंवा कुणीतरी घाईने मारलेल्या वायरच्या जोडात असतो, आणि तो मोजून शोधता येतो. म्हणून नवा सेट विकत घेण्यापूर्वी मोजमाप करावे, असा आमचा आग्रह आहे.

तपासणीसाठी कोणती साधने लागतात?

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, निरनिराळ्या क्षमतेचे चपटे फ्यूज, चार-पाच मीटर लांबीची एक वायर आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसह एवढे पुरे होते. यांपैकी बल्बाची उपयुक्तता पुष्कळांना पटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मल्टिमीटर व्होल्ट मोजताना नगण्य प्रवाह ओढतो. त्यामुळे वायरच्या सर्व तारा तुटून एकच तार शिल्लक असली, किंवा कपलरची पिन गंजलेली असली, तरी मीटरवर साडेबारा व्होल्ट दिसतात आणि पुरवठा ठीक आहे असा समज होतो. २१ वॅटचा बल्ब मात्र सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह मागतो. वायर खरोखर सक्षम असेल तरच तो लख्ख पेटतो. अन्यथा मिणमिणतो किंवा पेटतच नाही. मीटर आणि बल्ब या दोघांची साक्ष जुळली, की मगच पुरवठ्यावर विश्वास ठेवावा.

काम सुरू करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे आणि काम संपल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. याचे कारण असे, की गाडीचा संपूर्ण पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो; धन टोक सोडवताना पाना पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी उडते, पाना तापून लाल होऊ शकतो. काही कंपन्यांचे मूळ सेट बॅटरी सोडवल्यानंतर सांकेतिक क्रमांक मागतात, तेव्हा तो क्रमांक गाडीच्या कागदपत्रांत आहे ना, हे अगोदर पाहून ठेवावे. पिवळ्या आवरणाचे किंवा पिवळ्या कपलरचे एअरबॅगचे वायरिंग मीटरने तपासू नये, टेस्ट लॅम्पने, म्हणजे वर सांगितलेल्या बल्बाने, तर मुळीच नाही.

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत, त्यांच्याबाबत एक वेगळी सूचना. डिकीत वायूचा वास येत असेल तर स्टिरिओचे काम बाजूला ठेवावे, गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि प्रथम गळती तपासून घ्यावी.

सेट अजिबात सुरू होत नाही. सुरुवात कोठून करावी?

फ्यूजपासून. तीन ठिकाणे पाहावी लागतात: बोनेटखालची पेटी, डॅशबोर्डखालची पेटी आणि सेटच्या पाठीमागचा फ्यूज. हा तिसरा फ्यूज बहुतेक लोक विसरतात. फ्यूज नुसता डोळ्यांनी न पाहता त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या ठिपक्यांवर मीटर लावून तपासावा, कारण केसाएवढी भेग नजरेला दिसत नाही.

फ्यूज शाबूत असतील तर सेट बाहेर काढून कपलर तपासावा. बाजारातल्या सेटच्या वायरिंगमध्ये पिवळी वायर बॅटरीचा कायमचा पुरवठा आणते, लाल वायर चावी फिरवल्यावर मिळणारा पुरवठा आणते आणि काळी वायर अर्थिंगची असते. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, त्यामुळे केवळ रंगावर विसंबून जोडणी करू नये. पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये बल्ब धरावा. तो चावी बंद असतानाही पेटला पाहिजे. मग लाल आणि काळ्या वायरमध्ये धरावा. तो चावी ‘अॅक्सेसरी’च्या टप्प्यावर आणल्यानंतरच पेटला पाहिजे. दोन्ही वेळा पेटला नाही, पण बल्बाची काळ्या वायरकडची बाजू थेट पत्र्याच्या उघड्या भागाला लावल्यावर पेटला, तर दोष अर्थिंगचा आहे. सर्व ठिकाणी बल्ब लख्ख पेटत असूनही सेट मेलेला असेल, तेव्हाच सेटला दोष द्यावा.

फ्यूज वारंवार उडतो. थोडा मोठा फ्यूज घालून चालेल का?

नाही, कदापि नाही. फ्यूज सेटच्या रक्षणासाठी जेवढा असतो, त्याहून अधिक तो वायरच्या रक्षणासाठी असतो. १० अँपिअरच्या लाल फ्यूजऐवजी ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज घातला, तर वायर तापून तिचे आवरण वितळते, शेजारच्या वायरी उघड्या पडतात आणि डॅशबोर्डच्या आत आग लागते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालण्याची युक्ती सुचवणाऱ्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये.

शॉर्ट शोधण्याची शिस्तशीर पद्धत अशी आहे. सेटचा कपलर काढून नवा फ्यूज घालावा. तरीही फ्यूज उडाला तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये आहे. उडाला नाही तर सेटमध्ये किंवा त्याच्या पुढील जोडणीत आहे. यानंतर फ्यूज जाळत बसण्याऐवजी फ्यूजच्या खाचेत, दोन पिनांच्या मध्ये, तोच २१ वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. आता वायरचा गुच्छ हळूहळू हलवत जावे. विशेषतः सेटच्या मागची धातूची पट्टी, ग्लोव्ह बॉक्सचा स्क्रू आणि सीटच्या रुळाजवळून गेलेली वायर, या तीन जागा बारकाईने पाहाव्यात. ज्या क्षणी बल्ब विझतो किंवा मंदावतो, त्या क्षणी हातात असलेली जागा हीच दोषाची जागा असते.

गाडी बंद केली की घड्याळ आणि स्टेशने पुसली जातात. असे का होते?

सेटच्या स्मृतीला कायमचा पुरवठा मिळत नाही म्हणून. बहुधा पिवळी आणि लाल वायर अदलाबदल होऊन जोडलेली असते. काही कंपन्यांच्या गाड्यांत मूळ कपलरमधील या दोन पिनांच्या जागा उलट असल्यामुळे तयार अडॅप्टर लावूनही हा घोटाळा होतो. दोन वायरींची जागा बदलली की काम झाले. याउलट चावी काढल्यावरही सेट चालूच राहत असेल, तर दोन्ही वायरी एकत्र पिळून कायमच्या पुरवठ्याला जोडलेल्या असतात. ही सोय वाटली तरी बॅटरी उतरण्याचे ते खात्रीचे कारण आहे.

सेल्फ मारताना सेट क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. हा दोष आहे का?

बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना अॅक्सेसरीचा पुरवठा मुद्दाम तोडलेला असतो, त्यामुळे क्षणभर बंद होणे स्वाभाविक आहे. परंतु सेट पूर्णपणे नव्याने चालू होत असेल आणि घड्याळही पुसले जात असेल, तर बॅटरी पाहावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळपास निम्मी उतरलेली आहे. सेल्फ फिरत असताना दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी किंवा तिची टोके संशयास्पद आहेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. स्टिरिओ जबाबदार आहे हे कसे ओळखावे?

मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेवर लावून, बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची केबल यांच्या मध्ये जोडावा. चावी काढलेली, दारे बंद आणि कुलूप लावलेले असावे. त्यानंतर निदान अर्धा तास थांबावे, कारण आधुनिक गाड्यांतील संगणकीय भाग निद्रावस्थेत जायला वेळ घेतात. पहिल्याच मिनिटाला दिसलेला आकडा पाहून घाबरू नये. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास मीटर जळेल, हे लक्षात ठेवावे.

स्थिरावलेला आकडा साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. तो अधिक असेल तर स्टिरिओचा फ्यूज काढून पाहावा. आकडा एकदम खाली आला, तर चोर सापडला. स्वस्त अँड्रॉइड सेट चावी काढल्यावर खरोखर बंद न होता अर्धवट जागे राहतात. त्यांच्या सेटिंगमध्ये निद्रावस्थेची वेळ ठरवता येते. अॅम्प्लिफायर असल्यास त्याला चालू होण्याचा इशारा देणारी निळी-पांढरी ‘रिमोट’ वायर सेटऐवजी थेट बॅटरीवर टाकलेली आहे का, हेही तपासावे. अर्ध्या अँपिअरची गळती किरकोळ वाटते, पण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तेवढ्याने सत्तर तासांत पूर्ण रिकामी होते, आणि गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या पुष्कळ आधी येते.

उत्तरायणाला किंवा नवरात्रात इंजिन बंद ठेवून किती वेळ गाणी लावता येतील?

१४ आणि १५ जानेवारीला गच्चीखाली गाडी उभी करून दिवसभर गाणी वाजवणे बडोद्यात नवे नाही, आणि संध्याकाळी ती गाडी ढकलावी लागणेही नवे नाही. बाहेरचा अॅम्प्लिफायर नसलेला सेट मध्यम आवाजावर दोन-तीन अँपिअर घेतो. चांगल्या स्थितीतील ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीपैकी निम्म्याहून अधिक वापरू नये, असे धरले तर पाच-सहा तास मिळतात. अॅम्प्लिफायर आणि बेस ट्यूब असल्यास सरासरी दहा अँपिअर सहज जातात आणि हा वेळ पावणेदोन तासांवर येतो. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर यापेक्षाही कमी धरावा. चावी ‘ऑन’वर न ठेवता ‘अॅक्सेसरी’वर ठेवावी, नाहीतर इंजिनचे नियंत्रण करणारे भागही विनाकारण वीज खातात.

स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो इंजिनच्या वेगाबरोबर चढतो. उपाय काय?

हा आवाज अल्टरनेटरचा आहे आणि त्याच्यावर लगेच फिल्टर विकत घेणे हा चुकीचा क्रम आहे. प्रथम सेटचा आवाज शून्यावर आणावा. शिट्टी तरीही तेवढीच राहिली, तर ती अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याकडे सेटमधून ध्वनिसंकेत नेणाऱ्या आरसीए केबलमध्ये शिरते आहे. आवाजाबरोबर कमी-जास्त होत असेल, तर सेटच्या आधीच्या टप्प्यात शिरते आहे. केवळ मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्स केबलने जोडल्यावरच ऐकू येत असेल, तर दोष त्या दोन जोडण्यांमुळे बनलेल्या अर्थिंगच्या वळशाचा आहे. तेथे ब्लूटूथ वापरणे किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावणे हा योग्य इलाज आहे.

अॅम्प्लिफायरच्या बाबतीत अर्थिंगचा बोल्ट आधी पाहावा. डिकीत बोल्ट रंगावरच आवळलेला आढळतो, आणि रंग वीज वाहून नेत नाही. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करावा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस लावावे, म्हणजे गंज चढत नाही. अर्थिंगची वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसावी आणि पुरवठ्याच्या वायरइतकीच जाड असावी. काम नीट झाले की नाही हे मोजता येते: गाणे जोरात वाजत असताना अॅम्प्लिफायरचे अर्थिंगचे टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात लांब वायरच्या मदतीने व्होल्ट मोजावेत. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला तर अर्थिंग कमजोर आहे.

आरसीए केबल आणि बॅटरीची वायर एकाच बाजूने नेलेल्या असतील तर त्या दोन निराळ्या बाजूंनी न्याव्यात. हे सर्व करूनही शिट्टी कायम असेल, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटरने एसी व्होल्ट मोजावेत. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अल्टरनेटरमधील डायोड तपासून घ्यावेत.

एकाच बाजूचा स्पीकर वाजत नाही, किंवा दार उघडताना खरखरतो.

बॅलन्स आणि फेडर मध्यावर आहेत याची आधी खात्री करावी. मुलांच्या हातून ते सरकलेले असतात. मग सेटच्या मागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी आपसांत बदलाव्यात. शांतता दुसऱ्या बाजूला गेली तर दोष सेटचा, तिथेच राहिली तर वायरचा किंवा स्पीकरचा. स्पीकरचा रोध सुटा करून मोजावा: ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली आहे.

दार हलवताना आवाज येत-जात असेल, तर दार आणि खांब यांच्या मधली रबरी नळी मागे सरकवून पाहावी. दार रोज उघडझाप झाल्याने वायरची तार त्या वळणावर आतल्या आत तुटते, वरचे आवरण मात्र अखंड राहते. प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली, की तुटलेली वायर रबरासारखी लांबते.

सेटवर ‘प्रोटेक्ट’ असा संदेश येऊन तो बंद होतो.

स्पीकरची कोणती तरी वायर पत्र्याला लागली आहे, असा याचा बहुधा अर्थ होतो. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर अर्थिंगच्या तुलनेत सहा-सात व्होल्टचा स्थिर दाब असतो. त्यामुळे ऋण टोक म्हणून ओळखली जाणारी वायरही अर्थिंगला जोडता येत नाही. जुन्या गाड्यांत चारही स्पीकरची एक-एक वायर पत्र्यावर टाकलेली असे, आणि तेच वायरिंग ठेवून नवा सेट बसवला की त्याची आउटपुट आयसी जळते. सर्व स्पीकर सुटे करून सेट चालू करावा आणि एकेक जोडत जावे. ज्याच्या जोडणीनंतर संदेश परत येतो, त्याची वायर तपासावी.

चारही स्पीकर वाजतात, पण बेस लागतच नाही.

एका स्पीकरची टोके उलटी जोडलेली आहेत. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना, सेटपासून सुट्या करून, क्षणभर टेकवावा; सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले की पडदा बाहेरच्या बाजूस सरकतो. आत गेला तर वायरी उलट कराव्यात.

मोठ्या आवाजात अॅम्प्लिफायर बंद पडतो. बॅटरी बदलावी का?

आधी वायर बदलावी लागते का ते पाहावे. खरोखर ४०० वॅट देणारा अॅम्प्लिफायर बॅटरीकडून ३५ अँपिअरच्या आसपास प्रवाह मागतो आणि बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमधील वायर जाड आवरणाची पण आतून बारीक, पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते. आवाज मोठा असताना बॅटरीवरील आणि अॅम्प्लिफायरवरील व्होल्ट यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तफावत दिसली तर वायर अपुरी आहे. या वायरवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. अॅम्प्लिफायरजवळचा फ्यूज वाटेतल्या चार मीटर वायरचे रक्षण करत नाही, आणि डिकीत सीएनजीचे सिलिंडर असेल तर ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची ठरते.

सेटवर छापलेल्या ‘५० वॅट गुणिले ४’ या आकड्यालाही भुलू नये. १० अँपिअरचा फ्यूज आणि १४ व्होल्ट यांचा गुणाकार १४० वॅट होतो. २०० वॅट सतत येणार कोठून?

एफएम नीट पकडत नाही. अँटेना बदलावा का?

छतावरच्या आखूड अँटेनात लहानसा वर्धक असतो आणि त्याला सेटच्या निळ्या वायरीतून १२ व्होल्ट द्यावे लागतात. नवा सेट बसवताना ही वायर सुटीच राहते. ती जोडल्यावरही खरखर राहिली, तर डॅशकॅम आणि सिगारेट लायटरमधील यूएसबी चार्जर एकेक करून काढून पाहावेत. हलक्या दर्जाचे चार्जर एफएमचा हमखास नाश करतात.

पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. स्टिरिओ वाचू शकतो का?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी समा, अकोटा, मुजमहुडा या भागांत शिरले, तेव्हा असंख्य गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. तेव्हापासून हा प्रश्न सर्वाधिक कळकळीने विचारला जातो. पहिला नियम: चावी लावून ‘चालतो का ते पाहू’ असे करू नये. पाणी असलेल्या सर्किटला वीज मिळाली की तांब्याच्या रेषा काही मिनिटांत खाल्ल्या जातात. विजेविना भिजलेला भाग मात्र अनेकदा वाचतो. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे काढावीत आणि काही उघडण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे.

सीटखालचा अॅम्प्लिफायर आणि दारांतील स्पीकर प्रथम बुडतात, डॅशबोर्डमधला सेट शेवटी. पाणी सेटपर्यंत पोहोचले नसेल तरी गालिचाखालून जाणारे कपलर उघडून पाहावेत. नदीच्या पाण्यातला गाळ पिनांवर बसतो आणि काही आठवड्यांनी तिथे हिरवट पूड दिसू लागते. सर्व काही सुरळीत चालत असताना महिन्याभराने उद्भवणाऱ्या लहरी बिघाडांचे मूळ बहुधा तेच असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना स्वच्छ करून पूर्ण वाळू द्याव्यात. काळ्या पडलेल्या पिना घासत न बसता कपलर बदलावा. एअरबॅगचा कोणताही भाग भिजला असेल तर ते काम अधिकृत सेवा केंद्राकडेच सोपवावे.

उन्हाळ्यात टचस्क्रीन थबकते किंवा सेट आपोआप बंद होतो.

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड बाहेरच्या ४२ अंशांपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि सेट स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. गाडी थंड झाल्यावर तो सुरळीत चालत असेल तर बिघाड नाही. तरीही सेटमागे कोंबलेला वायरींचा गुच्छ बाजूला करून हवेला वाट द्यावी.

वायर पिळून वर टेप गुंडाळला तर पुरेसे आहे का?

नाही. साध्या टेपचा चिकटपणा उन्हाळ्यात वितळतो आणि जोड उघडा पडतो. योग्य मापाची क्रिंप स्लीव्ह दाबून तिच्यावर हीट श्रिंक नळी बसवावी, आणि गुच्छावर कापडी टेप लावावा, म्हणजे खडखडही थांबते. कंपनीची मूळ वायर कापणे मात्र टाळावे. गाडीच्या मॉडेलसाठीचा अडॅप्टर कपलर मिळतो, त्याने वायरिंग अखंड राहते आणि हमीच्या कालावधीत वाद उद्भवत नाही. पावसाळ्यात उंदीर बोनेटमधून आत शिरून वायरी कुरतडतात, तेव्हा अचानक आलेल्या बिघाडात दातांच्या खुणा आहेत का हेही पाहावे.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना काय सोबत न्यावे?

आपण घेतलेली मोजमापे कागदावर लिहून न्यावीत: उभ्या गाडीचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट, उडालेला फ्यूज किती अँपिअरचा होता आणि कोणत्या पेटीतला, बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही. ‘मधूनमधून बंद पडतो’ एवढेच सांगितले तर गाडी कारागिरासमोर नेमकी व्यवस्थित चालते. बिघाड मोबाइलवर चित्रित केलेला असल्यास तोही दाखवावा. काम झाल्यावर काढलेले जुने भाग मागून घ्यावेत आणि कोणता फ्यूज किती अँपिअरचा बसवला, हे स्वतः उघडून पाहावे.